गाळलेली जागा

ती शेजारी राहायला आली, तेव्हा आमची ओळख आधी भिंतीतून झाली. एका दुपारी पलीकडून गाण्याची एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येत होती. शेवटी मी जाऊन दार वाजवलं. डोक्यावरचा हेडफोन गळ्यात ओढत तिने दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बरं झालं आलात, बाई! ही ओळ ऐका आणि यात शिवी आहे का सांगा."

माझा उभा जन्म शाळेत मुलांच्या शिव्या ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात गेला. तरी कान देऊन ऐकलं. मला ऐकू आलं, 'तुझ्या विहिणीला करमेना'.

"अहो, 'तुझ्याविना करमेना' आहे ते!"

खुर्चीतून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "बाईंना निदान विहीण तरी ऐकू आली. मला भलतंच ऐकू आलं होतं."

ती रेडिओ केंद्रात कामाला होती. गाणी लागण्याआधी ती ऐकायची आणि शिवी असेल तर तेवढा शब्द मुका करायचा, हे तिचं काम. नव्या पोरांच्या गाण्यांत तांदळातल्या खड्यांसारख्या शिव्या निघत. केंद्रात तिचं नावच पडलं होतं, गाळणी. अडलं की ती गाणं घरी आणायची. सासूबाई डोळे मिटून ऐकत. कपाळावर आठी पडली की शब्द गेलाच.

एकदा एका नव्या गायिकेचं गाणं आलं. आई मुलीला उठवते आहे: 'ऊठ गं सटवे, ऊन आलं डोळ्यांवर'. मला ते फार गोड वाटलं. गाळणीही घुटमळली. पण सासूबाईंनी निकाल दिला, "आईनं म्हटलं तर माया, रेडिओनं म्हटलं तर शिवी."

'सटवे' मुकं झालं आणि गाणं लागलं.

रिकामी जागा भरा म्हटलं की वर्गात कुणाला काय सुचेल याचा नेम नसतो, हे मला ठाऊक होतं. इथे तर सगळं गावच वर्गात बसलेलं! 'ऊठ गं' नंतरच्या त्या शांततेत ज्याने त्याने आपल्याला येत असलेली सगळ्यात वाईट शिवी घातली. चार दिवसांत गायिकेची आई पत्ता शोधत गाळणीच्या दारात आली. तिचं इस्त्रीचं दुकान होतं.

"गिऱ्हाइकं कपडे घेताना माझ्या तोंडाकडे बघतात," ती म्हणाली. "एक आजी तर म्हणाल्या, सख्ख्या लेकीला असं बोलवतं तरी कसं? अहो, सटवे म्हणायची हो मी, नुसतं सटवे! वर डोक्यावरून हात फिरवायची."

गाळणीने तिला पाणी दिलं. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी गाळणीने साहेबांना गाणं पुन्हा, पूर्ण लावायला सांगितलं. साहेब म्हणाले, "विसरतील लोक. उगाच कशाला राख उकरायची? तक्रारी आल्या तर तुझं काम जाईल, बघ."

"लोक विसरतील हो. त्या रोज दुकान उघडतात त्याचं काय?"

शेवटी साहेब तयार झाले, आणि गाणं पुन्हा लागायचं होतं त्या सकाळी मी आणि सासूबाई रेडिओपाशी बसलो. आयुष्यात कधी माइकसमोर न गेलेली गाळणी अडखळत बोलली, "या गाण्यात घाण शब्द नव्हता. आईचं लाडाचं बोलणं होतं. ते मी कापलं, चूक माझी." मग गाणं लागलं, 'सटवे'सकट.

संध्याकाळी मी विचारलं, "आल्या का तक्रारी?"

"एकच आली." तिने सासूबाईंकडे बोट दाखवलं.

"येणारच!" सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या गावासमोर चूक माझी म्हणालीस. निकाल माझा होता ना? मग माझं नाव का नाही घेतलंस?"

गाळणी अजून त्याच केंद्रात आहे. आता कुठलाही शब्द मुका करायचा झाला, की ती आधी गाणाऱ्याला फोन करते.