ती ओळ खोड, बाय

उत्तनकडच्या तारोडी गावची मावशी सर्व्हिस सेंटरमध्ये भांडायला येत नसे, बसायला येत असे. बरोबर दहाला आत यायची, काउंटरपाशी थांबून म्हणायची, "आयले मी," आणि एसीच्या खाली, सोफ्याच्या उजव्या टोकाला बसायची. पिशवीतून वर्तमानपत्र काढून मांडीवर पसरायची, त्यावर सुका जवळा ओतायची आणि निवडायला लागायची. पाच वाजता उठायची. रविवार सोडून तीन आठवडे तिने हे केलं, आणि हायवेवरच्या आमच्या त्या चकचकीत लाउंजचा पार बाजार करून टाकला.

मी तेव्हा तिथे सर्व्हिस ॲडव्हायझर होते. म्हणजे गाडीवाल्याची तक्रार लिहून घ्यायची, मिस्त्री काय म्हणतो ते त्याला सांगायचं आणि दोघांचा राग स्वतः खायचा. आमच्याकडे नुसत्या पिकअप यायच्या. भाजीवाले, मांडववाले, पाण्याच्या बाटल्यांवाले, सगळे आपापलं पोट त्या चार चाकांवर घेऊन येणारे. मी मूळची रत्नागिरीकडची, राहायला इथे जवळच, बेव्हर्ली पार्कात. तोंडाने कमी नव्हते. पण ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. जी बाई काही न बोलता जवळा निवडते तिला काय सांगणार, कपाळ?

मावशीचा धंदा सुक्या मासळीचा. बोंबील, जवळा, मांदेली वाळवायची आणि पिकअपमध्ये घालून बाजारोबाजार न्यायची. गाडी तिच्या नावावर आणि चालवायचे तिचे यजमान, पास्कलकाका. त्या गाडीचा डिझेल पंप दीड वर्षात तीनदा बसला. हा पंप डिझेल प्रचंड दाबाने इंजिनात पाठवतो. तो बसला की गाडी धावता धावता एकदम गप्प होते, मग भर रस्ता असो की चढ. पहिल्यांदा बंद पडली ती उत्तनच्या वाटेवर, डोंगरीच्या चढावर, दुसऱ्यांदा घोडबंदरला. दोन्ही वेळा आम्ही वॉरंटीत पंप बदलून दिला. तिसऱ्यांदा टो करून आणली तेव्हा मॅनेजरसाहेबांनी लांबूनच बघितलं आणि मला सांगितलं, "मॅडम, वॉटर इन फ्युएल डाल दो. ड्रायव्हर की लापरवाही." मी टाकलं. दिवसाला पाच जणांच्या कागदावर टाकायचे, त्यात हा सहावा. पाणी मिसळलेलं डिझेल भरलं असं लिहिलं की कंपनीची जबाबदारी संपते आणि गाडीवाला आपला बसतो बोंबलत.

ही बोंबलली नाही. तो कागद घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी दहाला परत आली. अकराच्या सुमारास काउंटरवर येऊन कागद माझ्यापुढे ठेवला. "मना इंग्रजी येत न्हाय. वाच बाय." मी मराठीत वाचलं: चालकाच्या निष्काळजीपणामुळे पाणीमिश्रित डिझेल जाऊन पंप निकामी. तिने मान हलवली, कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी अकराला पुन्हा तेच. "वाच बाय." चौथ्या दिवशी मी वैतागून म्हटलं, "मावशी, काल वाचलं ना? रात्रीतून बदलतं का ते?" ती शांतपणे म्हणाली, "बदलंल म्हनून तर येते."

लाउंजमध्ये वासाचा एवढा हाहाकार झाला की विचारू नका. साहेबांनी रूम फ्रेशनर आणला. मग मोगरा आणि जवळा मिळून जे काही झालं त्याने एक मांडववाला उठून बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला. साहेब मला म्हणाले, "उनको बोलो, यहाँ अलाउड नहीं है." मी जाऊन सांगितलं. मावशीने भिंतीकडे बघून विचारलं, "कुठं लिवलंय?" लिहिलेलं कुठेच नव्हतं. सुकी मासळी आणू नये अशी पाटी लावायची वेळ येईल असं कुणाच्या बापाला वाटलं होतं?

गंमत म्हणजे आठवड्याभरात लोक तिच्याभोवती जमायला लागले. गाडी बंद पडलेला माणूस आधीच चिडलेला असतो, त्याला ऐकणारं कोणीतरी हवं असतं. आमची पोरं कॉफीच्या मशीनकडे बोट दाखवायची, मावशी विचारायची, "कुठं बंद पडली? माल काय व्हता?" मांडववाल्याची पिकअप लग्नाच्या खुर्च्यांसकट घोडबंदरला आडवी झाली होती आणि वधूपित्याने त्याची शोभा केली होती. ते सगळं त्याने हिला सांगितलं, अगदी रडवेला होऊन. हिने त्याला भाकरीवर बोंबलाची चटणी घालून दिली. वासाने बाहेर पळालेला तोच, बोटं चाटत बसला होता! जाताना मावशीने त्याला सांगितलं, "गाडीवर राग काढू नको. ती बिचारी बोलली असती तर केवाच बोलली असती."

स्वतःच्या रागाचं मात्र तिने कधी प्रदर्शन मांडलं नाही. एकदा दुपारी मीच तिच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "मावशी, वरती अर्ज करू या, थोडी सूट मिळते का बघू. असं बसून काय होणार?" तिने जवळ्यातला एक बारीक खेकडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "पंपाचं काय ते मी बघीन. पंप नको लावू एकवेळ. पन ती ओळ खोड, बाय."

तेव्हा तिच्याकडून मला पहिल्यांदा सगळं समजलं. काकांनी वीस वर्षं मच्छीमार बोटीचं इंजिन सांभाळलं होतं. बोटीवर डिझेलमध्ये पाणी गेलं तर माणसं समुद्रात अडकतात, म्हणून रोज सकाळी गाळणीच्या तळाचं डिझेल काचेच्या पेल्यात काढून उन्हात धरून बघायची त्यांची सवय. पिकअप घेतल्यावरही ती सुटली नाही. फिल्टरचा खालचा स्क्रू ढिला करून रोज पेलाभर बघायचे आणि मगच गाडी काढायचे. आणि अशा माणसाबद्दल मी लिहून दिलं होतं, निष्काळजीपणा. गावात कोणीतरी तो कागद वाचला, चार जणांत बोलला. काकांनी स्टिअरिंगला हात लावायचं सोडलं. शेजाऱ्याच्या टेम्पोची चावी कोणी दिली तरी घेत नव्हते. "बोलतान, माजंच कायतरी चुकलं आसंल. जेवतात आनि भिंतीकडं तोंड करून पडतात," मावशी म्हणाली. "चालीस वर्सांत मी त्यांना असं बघितलं न्हाय." एवढं बोलून ती पुन्हा जवळा निवडायला लागली. मी काउंटरवर गेले खरी, पण दुसऱ्या दिवशी अकराला तिने कागद पुढे केला तेव्हा माझ्याच्याने ती ओळ वाचवेना. मी म्हटलं, "मावशी, आज नको." ती म्हणाली, "वाच." मी वाचली. लाज वाटली, दुसरं काय.

मग मी आमच्या वर्कशॉपमधल्या, नयानगरला राहणाऱ्या सलीम मिस्त्रींना गाठलं. म्हटलं, फिल्टर उघडून बघा, पाणी आहे का. ते माझ्याकडे बघतच राहिले, कारण हे काम ओळ लिहायच्या आधी करायचं असतं. साहेब कल्याणला मीटिंगला गेलेले बघून त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली. मी मावशीलाही बोलावलं. गाडी तिची होती. फिल्टरमधलं डिझेल त्यांनी बाटलीत काढलं. पाण्याचा थेंब नव्हता. पण बाटली उजेडात धरल्यावर तळाशी काहीतरी चमचमलं, पिठाहून बारीक. "लोहे का चूरा है," मिस्त्री हळूच म्हणाले. पंप झिजतो तेव्हा त्याचाच चुरा नळ्यांतून फिरत टाकीत जाऊन बसतो. म्हणून नवा पंप लावताना टाकी उतरवून धुवायची, नळ्या बदलायच्या, असा कंपनीचा नियम. नाहीतर जुन्या पंपाचा चुरा नव्या पंपाला खातो.

मी छाती पुढे काढून म्हटलं, "पण टाकी तर आपण दोन्ही वेळा धुतली. माझ्या जॉब कार्डावर टिक आहे."

मावशी तोवर गाडीच्या पोटाखाली जाऊन वर बघत होती. उभ्याने, उजेडात आपली गाडी खालून बघायची तिची ही पहिलीच वेळ म्हणा ना. टाकीला धरणारा जो लोखंडी पट्टा असतो, त्याच्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "ही टाकी खाली उतरवली तर ह्यो पट्टा सोडावा लागंल ना?"

"लागेल."

"मंग ही गाठ कशी हाय अजून?"

पट्ट्याला निळी नायलॉनची दोरी गुंडाळली होती, जाळं विणायची असते ती. गाडी नवी असताना पट्टा खडखडायचा, म्हणून मावशीने खाली झोपून तो आवळून बांधला होता. मासेमारी करणाऱ्यांची ती गाठ; एकदा बसली की सुटत नाही, कापावीच लागते. आणि कापून पुन्हा तशीच बांधायची म्हटली तर आमच्या अख्ख्या वर्कशॉपात कोणाच्या बापाला येत नव्हती. दोरीवर दीड वर्षाचा चिखल जसाच्या तसा वाळलेला. मावशीने नखाने तो खरवडला आणि म्हणाली, "माजीच हाय."

सलीम मिस्त्रींनी मान खाली घातली. "टाइम किधर दिया था, मॅडम? साहब बोले, शाम तक गाडी निकालो." त्यांचं खोटं नव्हतं. आणि न बघता टिक करणारा हात माझा होता. मला वाटलं, आता ही बाई तोंड सोडणार, आणि सोडलं तर ऐकून घ्यायचं. मावशीने फक्त पदराला हात पुसले. "आता लिवशील?" तिने विचारलं.

लिहिलं. त्याच दुपारी जुनी ओळ खोडली, बाजूला सही केली आणि खाली लिहिलं, फिल्टरमध्ये पाणी नाही, आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांत टाकी उतरवलेली नव्हती. कंपनीला मेल गेला, दोरीचा फोटो सोबत. साहेब परतल्यावर जे व्हायचं ते झालं. "नोकरी करनी है ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "करनी है सर, पर ऐसी नहीं." आता सांगताना फार ऐटदार वाटतं, तेव्हा तसं काही नव्हतं. पण मेल परत बोलावता येत नाही. कंपनीचा माणूस आला, त्याने टाकीतला चुरा बघितला, आणि पंप, नळ्या, इंजेक्टर सगळं नवं बसलं. ती निळी दोरी मिस्त्रींनी सर्वांसमोर कापली. त्यानंतर मी तिथे फार टिकले नाही. आज भाईंदरला दुसऱ्या वर्कशॉपमध्ये आहे, आणि नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी सांगते की आधी गाडीखाली जा, मग पेन उघडा. त्यांना वाटतं मॅडम खडूस आहे. वाटू दे.

गाडी तयार झाली त्या दिवशी न्यायला काका आलेच नाहीत. मी म्हटलं, मीच सोडते. मी एक कागदही मराठीत, माझ्या हाताने, मोठ्या अक्षरांत लिहून घेतला होता. मावशी शेजारी बसली. उत्तनच्या वळणांवर मी तिसरा गिअर टाकला की ती डॅशबोर्ड धरायची. डोंगरीचा चढ पिकअप एका दमात चढली, तेव्हा तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

तारोडीला घराच्या ओट्यावर काका बसले होते. बारीक अंगाचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. गाडी दारात थांबली तरी उठले नाहीत. मावशीने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, ओळींखाली बोट धरून वाचलं, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चालकाची कोणतीही चूक नाही, या ओळीवर बोट जरा जास्त थांबलं.

"ही सही कोनाची?" त्यांनी विचारलं.

"माझी, काका."

"आनि आदीच्या कागदावरची?"

मी मावशीकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तीन आठवडे माझ्यासमोर बसून गेली, पण घरी माझं नाव तिने सांगितलेलं नव्हतं.

"ती पण माझीच," मी म्हटलं. "न बघता लिहिलं होतं मी. चुकले."

काकांनी चष्मा काढला. कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि माझ्यापुढे हात केला. मला कळेचना.

"चावी," ते म्हणाले. "तुला परत सोडाला नको? यष्टी काय आता मिलायची न्हाय."

मी चावी दिली. ते चपला घालून उतरले, गाडीला एक फेरी मारली, आणि दार उघडून बसले. मी पलीकडे बसले. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. गल्ली अरुंद, गाडी मागे घेऊनच काढायला हवी होती. आरशात मावशी धावत रस्त्यावर आलेली दिसली. जिने एवढे दिवस माझ्या नाकावर टिच्चून, नुसतं बसून सांगितलं होतं की माझ्या माणसाचा हात कधी चुकत नाही, ती गाडीमागे उभी राहून ओरडत होती, "हलू! हलू घ्या! मागं भिंत हाय!"

"मना दिसतंय," काका खिडकीतून म्हणाले.

"दिसतंय तर बघून घ्या!" तिचा आवाज तिथेच फुटला. एका हाताने तिने पदर डोळ्यांना लावला, आणि दुसरा हात हलवत ती त्यांना मागे घेत राहिली, "येव द्या... येव द्या... अजून येव द्या."