दादा सोडून सगळे बोलतात

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या घरात शहाण्यांचा तोटा नाही, म्हणून किश्श्यांचाही नाही. दादानं आधी गिरणीत जाणं सोडलं, मग धड जेवणं, मग बोलणंच बंद केलं. तेव्हापासून रोज नवा किस्सा! मी म्हणत होतो, मनाचा डॉक्टर शोधू. पण कॉलेज सोडलेल्या पोराचं ऐकतो कोण?

"आधी तुझं डोकं दाखीव की!" इति आप्पा, आमचे तीर्थरूप.

*

पहिला मान शुक्रवार पेठेतल्या फॅमिली डॉक्टरांचा. त्यांनी दादाची जीभ बघितली, पाठ ठोकली, टॉनिक लिहून दिलं.

"मनाचं काही असेल तर कुणाकडे न्यायचं?" मी विचारलं.

"पोट साफ होतंय ना? मग मन कशाला बिघडतंय!"

*

मग आत्यानं त्याला मठात नेलं. तिथल्या स्वामींनी जाहीर केलं, "याला मौन लागलंय."

झालं! बायका रांगेनं दादाच्या पाया पडायला लागल्या. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत्या म्हणते, "बघा, कसा तल्लीन झालाय!"

मी हाताला धरून त्याला घरी आणला. वर शिव्याही मलाच.

*

काकांचं औषध एकच, लग्न. टेंभुर्णीहून मुलीकडचे आले. त्याआधी काकांनी दादाला दम भरला, "हे बघ, पावण्यांपुढं जास्त बोलायचं न्हाय!"

दादाला!

पोहे संपले. मुलीचे वडील खूश. "पोरगं लई सालस हाय. न्हायतर आजकालची पोरं, नुसती वटवट!"

मी म्हटलं, "मामा, तो कुणाशीच बोलत नाही. आजारी आहे."

पाहुण्यांनी चहा तसाच ठेवून स्टँड गाठलं. घरात वेडा कोण ठरला? मी!

*

शेवटी मीच दवाखाने पालथे घातले. पुण्याचे एक मनाचे डॉक्टर मंगळवारी सोलापुरात येतात, असं कळलं. महिनाभर भांडल्यावर आप्पा तयार झाले, पण अट घालून. "आधी मी आत जानार. घरातलं काय सांगायचं, काय न्हाय, ते मला कळतंय."

आप्पा आत गेले. दार बंद. बाकावर मी आणि दादा. मागचे पेशंट कुरकुरायला लागले. मी मनात म्हटलं, म्हातारा सात पिढ्यांची थोरवी सांगत बसला असणार!

आप्पा बाहेर आले ते डोळे लाल करून. टोपी हातात.

"काय म्हणाले?"

"मानूस बरा हाय. पुढच्या मंगळवारी बोलीवलंय."

"दादाला?"

"न्हाय. मला."

मी ओरडायला तोंड उघडलं. त्याआधीच बाकावरून आवाज आला, "जावा की, आप्पा. मी येतो संगट."