दमल्यावरचं माप

मिस्त्रीमामा ताज्या माणसाचं माप घेत नसत. शिरूरला मार्केट यार्डामागच्या गल्लीत त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. खुर्ची असो की स्टूल, बसायचं काही करून हवं असलं, की ते गिऱ्हाइकाला आधी कामाला लावत. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे ते गेले, तेव्हा चार ब्लाऊज शिवून होईपर्यंत ओट्यावर बसून राहिले आणि मगच टेप काढली. म्हणत, "आल्या आल्या माणूस फोटोला बसल्यागत बसतो. दमला म्हंजी खरा बसतो."

मी मात्र त्यांच्याकडे गेलो तो मशीन विकायला. शिक्रापूरच्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. घरी माझी स्क्रोल सॉ आहे. शिवणयंत्राच्या सुईसारखं बारीक पातं वर-खाली चालतं आणि आपण फळी हळूहळू फिरवत लाकडात जाळी कापायची. दिवसभर मालाचे आकडे जुळवल्यावर संध्याकाळचा तो दीड तास फक्त माझा असे. पण कमरेची चकती सरकली आणि डॉक्टरांनी उभ्याने काम करायला मनाई केली.

मग मी बसून काम करायची सोय स्वतःच केली. नेटवरचे तक्ते पाहिले, बायकोच्या हाती टेप देऊन गुडघ्यापासून कोपरापर्यंत सगळं मोजून कागदावर लिहून घेतलं. चाकांचं स्टूल अठरा इंच, मशीनचा फळी ठेवायचा पत्रा जमिनीपासून एकोणतीस. तुटली की बदलायची पातीही तक्त्यात सांगितल्याप्रमाणे हाताशी ठेवली. एकही आकडा चुकला नव्हता, तरी वीस मिनिटांत मान आखडायची आणि मांड्या बधिर व्हायच्या. महिनाभर सोसलं. रात्री कूस बदलता येईना, तेव्हा ठरवलं की आता हे विकायचं.

मामांनी मशीनची किंमत विचारलीच नाही. माझा मापांचा कागद चष्मा लावून नीट वाचला आणि परत दिला. "कागद झकास हाय, स्टोअरवाले. पण कागदाची कंबर दुखत न्हाई."

त्या रविवारी ते घरी आले. मला म्हणाले, कापा. मी ताठ बसून कापू लागलो. ते चहा पीत बायकोशी कांद्याच्या भावावर बोलत राहिले, माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, विसरले. अर्ध्या तासानं माझी मान पात्याजवळ गेली होती, खांदे कानाला भिडले होते, स्टूल सरकू नये म्हणून डावी टाच मागे ओढलेली. तेवढ्यात मागून आवाज आला, "हलू नका." त्यांनी खडूनं टाचेची जागा आखली, डोळा आणि पातं यांतलं अंतर मोजलं. म्हणाले, "आत्ता आलात. मघाशी कुणी पाहुणे बसले व्हते."

माझी चूक मला तेव्हा कळली. मी मोजलं होतं ते ताठ बसलेल्या माणसाला, आणि तसा मी जास्तीत जास्त दहा मिनिटं बसत होतो.

त्यांनी स्टुलाची चाकं काढून टाकली आणि उंची साडेसोळा इंचांवर आणली. तळवे जमिनीवर टेकले आणि काम आपोआप डोळ्यांजवळ आलं. मशीनच्या मागच्या पायांखाली दोन बोटं जाडीच्या पाचरी दिल्या, त्यामुळे पत्रा माझ्याकडे कलला आणि मान वाकवायचं कारण उरलं नाही. पायानं दाबायचा स्विच खडूच्या खुणेवर बसवला. हादरा लागू नये म्हणून टेबलाखाली ट्रकच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. शेवटी पात्यांची डबी माझ्या हाताजवळून उचलून समोरच्या भिंतीवर ठोकली. मी तक्ता दाखवला. ते म्हणाले, "हाताशी ठिवली तर उठणार कवा?"

चौथ्या दिवशी मी घड्याळ पाहिलं तेव्हा एक तास चाळीस मिनिटं झाली होती. मधे तीनदा पात्यासाठी उठलो होतो. कंबर गप्प होती. मशीन विकायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही. त्याला आता सहा वर्षं झाली.

गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा हलका झटका आला. उजवा हात मंदावला. दुकान बंद करून ते दौंडला लेकीकडे राहायला गेले. मी भेटायला गेलो तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते. लेक म्हणाली, "हत्याराचं नाव काढू देत नाहीत अब्बा. दिवसभर एकच, दमलो आता."

पुढच्या रविवारी मी मशीन आणि स्टूल गाडीत घालून दौंडला नेलं. या करवतीला जोर लागत नाही, फळी फक्त फिरवत न्यायची असते, एवढं मला माहीत होतं. लेकीनं आणि मी धरून त्यांना स्टुलावर बसवलं. त्यांनी बराच वेळ पात्याकडे पाहिलं, मग पायानं स्विच दाबला. पहिली रेघ वाकडी गेली. दुसरी थोडी कमी वाकडी.

माझ्या उंचीचं स्टूल त्यांना उंच होत होतं, टाचा अधांतरी राहत होत्या. किती इंच कमी करायचं ते पाहावं म्हणून मी टेप काढून खाली वाकलो.

"थांबा, स्टोअरवाले," मामा मान न वळवता म्हणाले. "अजून दमलो न्हाई."

मी टेप मिटली आणि बाजूला बसून राहिलो.