मायकडे, सायकलवर

सायकल चालवून कुणाचं दुखणं कमी होत नसतं, हे मी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. लातूरच्या ज्या शुश्रूषाघरात माझी माय होती, त्याच्या मदतीसाठी नांदेडहून लातूरपर्यंत सायकलफेरी काढायचं चाललं होतं आणि डॉक्टर पेशंटांच्या नातेवाइकांनाही फोन करत होते. मी म्हटलं, डॉक्टर, मी पन्नाशीची बाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांवर ओरडून घसा गेलाय, गुडघे त्याच्या आधीच गेलेत. मला कशाला त्या पोरासोरांत ओढता? ते हसले आणि म्हणाले, रस्ता तुमच्या गावच्या फाट्यावरून जातो. दुसऱ्या दिवशी फोन करून माझं नाव घालायला सांगितलं.

फाट्यावर काय होतं ते सांगते. फाट्यापासून आत आमचं गाव, गावात दादा. माझा थोरला भाऊ. त्याच्या घरातून मी मायला लातूरला नेलं तेव्हापासून त्याचं-माझं धड बोलणं नव्हतं, आणि तो मायला भेटायला एकदाही आला नव्हता.

शुश्रूषाघर म्हणजे दवाखाना नव्हे. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही असं मोठ्या दवाखान्यांनी सांगून टाकलंय, अशी माणसं तिथं असतात. तिथं कुणी तुम्हाला बरं करतो म्हणून खोटं बोलत नाही. दुखणं थांबवतात, जखमा धुतात, अंग पुसतात, जवळ बसतात. मायचा कॅन्सर हाडात उतरला होता. दादाने तिचं करायचं काही बाकी ठेवलं नाही, हे मी कुणापुढेही सांगेन. पुढच्या खोलीत खाट टाकली, वहिनीने पोटच्या पोरीसारखं सगळं केलं. पण कूस बदलायला नुसता हात लावला तरी माय असं ओरडायची की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. दादा मग शेतात जाऊन बसायचा. गावातल्या डॉक्टरची गोळी तिला पाण्यासारखी होती. एका सकाळी मी गाडी करून गेले आणि मायला घेऊन निघाले. दादा ओसरीवर उभा होता. अडवलंही नाही, खाट धरायला पुढेही आला नाही.

नंतर फोनवर जे व्हायचं ते झालं. त्याचं म्हणणं एकच, थोरला लेक जिवंत असताना माय परक्याच्या दारात मेली असं भावकीनं बोलायचं का? येईन तर जीप घेऊनच येईन, म्हणाला, आन मायला घरी आनीन. मी कसली ऐकतेय! जीप आणायची असेल तर येऊच नको, असं म्हणून मी फोन आपटला. तो हट्टी, मी त्याच्या वरताण. आमच्या दोघांच्या मध्ये माय लातुरात पडलेली. मॉर्फिनच्या गोळ्यांनी तिचं ओरडणं थांबलं होतं, ती झोपत होती, पेजेचे दोन घास घेत होती. पण बाहेर गाडी वाजली की दाराकडे बघायची. विचारायची नाही, नुसती बघायची. ते बघणं मला सोसायचं नाही. फेरीच्या आधल्या आठवड्यात तिथल्या सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ताई, भावाला आणायचं तर आता आणा.

तर मी काही समाजसेवेला निघाले नव्हते. मला दादाला मायपर्यंत न्यायचं होतं, आणि मायला मात्र तिथून हलू द्यायचं नव्हतं. दोन्ही एकदम कसं जमवायचं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं.

नांदेडहून पहाटे निघालो तेव्हा थंडी मरणाची होती. आयोजकांनी सगळ्यांना पिवळे टी-शर्ट दिले होते. ओढणी चाकात अडकते म्हणून मला ओढणी घेऊ दिली नाही. त्यावरून मी अर्धा तास कटकट केली. आमचे हे निरोप द्यायला आले होते. मला हेल्मेट घातलेली बघून म्हणाले, आता शाळेत अशीच जा, पोरं वचकून राहतील. लोह्यापर्यंत जरा बरं गेलं. पुढे बालाघाटचा चढ लागला आणि मी प्रत्येक डॉक्टरच्या नावाने बोटं मोडली. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, कर्कश गाणी लावून अंगावरून जात होते. तूर निघून गेलेली रानं, मधूनच करडईचा हिरवा तुकडा. सोबतची पोरं बरी होती. चढाला माझ्या मागेमागे राहायची आणि आपण दमलोय असं दाखवायची. रात्री अहमदपूरला एका शाळेच्या वर्गात मुक्काम पडला. पाठ टेकली तरी जीव थाऱ्यावर नव्हता, कारण सकाळी पहिलंच गाव आमचं होतं.

आपल्याकडे रस्त्याने चार माणसं कशासाठीही निघू देत, सत्कार चुकत नाही. फाट्यावर मांडव, खुर्च्या, शाली, नारळ, माइक, सगळं मांडून ठेवलेलं. गावातल्या तरुण मंडळींनी हौसेने केलं होतं. आणि सत्काराला प्रमुख पाहुणा कोण, तर गावचा माजी सरपंच. म्हणजे आमचा दादा! पांढरा शर्ट, डोक्याला टोपी, बराच वाळलेला. मी हेल्मेट आणि गॉगल तसाच ठेवून मागच्या रांगेत उभी राहिले.

दादाला पोरांनी नुसतं सायकल रॅली येणार एवढंच सांगितलं असावं. आणि सायकल रॅली म्हटलं की ती झाडांसाठी, हे आमच्याकडे ठरलेलंच. दादा माइकपुढे उभा राहिला आणि वृक्षारोपणावर बोलू लागला. बांधावर लिंब लावा, चिंच लावा, लावलेलं झाड जगवा. चांगला बोलत होता. आमच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. शेवटी सूत्रसंचालन करणाऱ्या पोराने त्याच्या कानाशी लागून सांगितलं. दादा थांबला. समोरच्या बॅनरवर लातूरच्या शुश्रूषाघराचं नाव होतं, ते त्याने वाचलं. मग आमच्या रांगेवरून नजर फिरवत माझ्यावर येऊन थांबला. हेल्मेटमध्येही त्याने मला ओळखलं. पाठच्या बहिणीला ओळखायला तोंड दिसावं लागत नसावं. त्याने माइक पोराच्या हातात दिला आणि खाली बसला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. झाडं जगवायला सांगतोस, आणि मायकडे एकदा यायला होत नाही? माइक हिसकावून अख्ख्या गावासमोर बोलणार होते मी. पाऊलही उचललं होतं. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून वहिनी पुढे आली. बाईचा सत्कार बाईच्या हातून, म्हणून शाल द्यायला तिला उभं केलं होतं. तिने शाल बाजूला ठेवली, कुणाला तरी पिटाळून जवळच्या घरातून तांदूळ आणि खण मागवला. लेक माहेरच्या शिवेवरून ओटी न भरता कशी जाऊ द्यायची! कुंकू लावायला तिने माझं हेल्मेट स्वतःच्या हाताने काढलं. मग ओटी घालायला तिने पदर शोधला, आणि पदर कुठला? टी-शर्ट आणि पँट. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी मी टी-शर्टाचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला आणि वहिनीने त्यात तांदूळ, नारळ, खण घातला. सगळा फाटा बघत होता, कुणी हसलं नाही. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिला पुसायला हात मोकळा होता, मला नव्हता.

भरल्या ओटीनिशी भांडता येत नाही हो. मी तशीच, टी-शर्ट धरून, दादाच्या खुर्चीपाशी गेले. काय बोलायचं ते रात्रभर घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आलं नाही.

मी म्हणाले, "दादा, माय लई दिवस न्हाई आता. जीप आणायची तर आण. पण ये."

तो टोपी हातात घेऊन खाली बघत होता. आमच्या फेरीच्या म्होरक्याने शिट्टी वाजवली. वहिनीने खणात तांदूळ बांधून दिले, नारळ पिशवीत कोंबला, आणि आम्ही निघालो.

फाटा मागे पडला आणि मी भानावर आले. हे काय बोलून बसले मी? जीप आण म्हणाले! म्हणजे ने म्हणाले! वर्षभर ज्यासाठी भांडले ते मी एका ओटीपायी सोडून दिलं होतं. तो खरंच नेईल. खड्ड्याखड्ड्यांतून मायची हाडं हलवत नेईल. घरी ती गोळी कोण देणार, कुणाला कळणार किती द्यायची? पुन्हा ते ओरडणं. चाकूरला थांबलो तिथं सिस्टरांना फोन लावला, तो लागला नाही. एकदा वाटलं, सायकल टाकून एसटी धरावी. मग वाटलं, ती त्याचीही माय आहे. मी एकटीने तिच्यावर कुलूप लावून बसायचं का? तरी देवा, तिला दुखायला नको. याच्यापलीकडे मला काही सुचत नव्हतं. पाय आपोआप चालत होते, त्यांच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

दुपार कलताना लातूरला पोचलो. शुश्रूषाघराच्या फाटकात रांगोळी, फुलं, टाळ्या. मला फक्त अंगणातली जीप दिसली. मागचं फळकं उघडं होतं. आत गादी अंथरलेली, वर दोन गोधड्या, उशी, पाण्याचा कॅन. नीट, निगुतीने केलं होतं सगळं. सायकल तिथंच आडवी टाकून मी आत पळाले. मागून कुणीतरी हार घेऊन हाका मारत होतं.

माय झोपलेली होती. दादा तिच्या खाटेपाशी स्टुलावर बसला होता, हात मांडीत. दुपारपासून तसाच बसलाय, सिस्टर म्हणाल्या. उठवू नका म्हणाला. मला बघून तो हळूच म्हणाला, तू आल्याबिगर न्यायचं बरं दिसलं नसतं, म्हनून थांबलो. मी दारातच उभी राहिले.

तेवढ्यात मायची कूस बदलायची वेळ झाली. सिस्टरांनी दादाला सांगितलं, पाठीखाली हात घाला आणि मी म्हटलं की वळवा. दादाचा चेहरा पांढरा पडला. घरी याच वेळेला तो शेतात निघून जायचा. त्याने हात घातला आणि डोळे गच्च मिटून घेतले. सिस्टर वळवा म्हणाल्या, त्याने वळवलं. माय या कुशीवरून त्या कुशीवर आली, एक लांब श्वास सोडला, आणि बस्. दादा डोळे मिटूनच वाट बघत होता. मग त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"वरडली न्हाई," तो म्हणाला. "मला वाटलं व्हतं, हितंबी वरडतच आसंल. म्हनून आलो न्हाई गं."

वर्षभर मी त्याला हट्टी म्हणत होते, दगड म्हणत होते. तो नुसता भीत होता. भावकीचं नाव पुढे करून आमचा दादा त्या आवाजाला भीत होता, आणि मला, पाठच्या बहिणीला, ते कळलं नव्हतं. मी मटकन खाली बसले आणि रडले. बोलण्याने माय जागी झाली. समोर दादा होता. तिने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या शर्टाची बाही चाचपली.

"कवा आलास?" तिने विचारलं. "जेवलास का काही?"

दादाने मान हलवली. थोड्या वेळाने तो उठला आणि काही न सांगता बाहेर गेला. अंगणात जीपचं फळकं वाजलं. जीप दाराशी लावतोय, मी समजले. डोळे पुसले आणि उठून दारात आडवी उभी राहिले. माझ्या अंगावरून ने म्हणावं मायला.

दादा आला तो गादीची वळकटी खांद्यावर घेऊन. काखेत उशी. मला चुकवून आत गेला आणि खाटेशेजारची फरशी पायाने चाचपत सिस्टरांना म्हणाला, "हे हितं खाली आंथरलं तर चालंल का? माय हाय तवर मी हितंच ऱ्हातो."