आत्याच्या रुखवतातलं इंजिन

परवा नातीने मला चित्रप्रदर्शनाला नेलं. तिथे एका फळीवर लोकरीचे टाके, काचेचे मणी आणि गिरणीतल्या जुन्या लाकडी बॉबिनी एकत्र बसवल्या होत्या. "आजी, याला मिक्स्ड मीडिया म्हणतात," ती म्हणाली. मी वाकले, तर बॉबिनींना अजून तेलाचा वास होता. त्या वासाने मला थेट हैदराबादच्या काचीगुड्याला, सुमनआत्याच्या लग्नात नेऊन सोडलं.

हैदराबाद राज्य मोडायचं ठरलं होतं आणि आमची अर्धी गल्ली औरंगाबादला निघाली होती. आत्याचं सासरही तिकडचंच. इतर मुलींच्या रुखवतात लोकरीच्या बाहुल्या असत. आत्याने मात्र रेल्वेचं इंजिन मांडलं होतं. आजोबांच्या गिरणीतल्या टाकाऊ बॉबिनींचं अंग, पितळी वायसरांची चाकं आणि धुराला विणलेली काळी लोकर. पुढे मण्यांनी लिहिलं होतं, काचीगुडा.

तिच्या सासूबाईंनी नाकाला पदर लावला. "हे भंगार उचला. आता तिकडे आपल्या माणसांत राहायचंय."

माझी आजी लगबगीने उचलायला गेली. आत्याने मुंडावळ्या बाजूला सारल्या. "नक्को, आई. ते आलं तर मी येईन. नाहीतर आम्ही दोघं इथंच बरे."

एका खेळण्यापायी ही लग्न मोडते म्हणून तेव्हा मला तिची लाज वाटली होती. पण इंजिन तिच्याबरोबर गेलं, आणि औरंगाबादच्या बैठकीत जन्मभर दारासमोरच राहिलं.

फळीखाली पाटी होती, हात लावू नये. मी बॉबिनीवर अख्खा तळवा ठेवला.