मुलुंडच्या फणसाचं गाऱ्हाणं

मुंबईचं वादळ ओसरल्यावर मी अमरावतीहून निघालो. एकट्या माणसाचं निघणं सोपं असतं, कुणाला विचारायचं नसतं. मुलुंडला माझा जुना मित्र दामू परब राहतो. तरुणपणी आम्ही मुंबईत एकाच खोलीत राहून नोकरी करत होतो. पुढे मी गावी परतलो आणि मालवणच्या दामूने मुलुंडला छोटंसं कौलारू घर बांधलं. त्याची बायको सुमती मागच्या उन्हाळ्यात गेली. तेव्हा मला जाता आलं नव्हतं. आता वर्तमानपत्रात उपनगरांची दैना वाचली आणि राहवेना.

कल्याणला गाडी बदलून दुपारी मुलुंडला उतरलो. टांगेवाल्याने अर्ध्या वाटेत लगाम खेचला. "पुढे घोडा नाय जाणार काका. चालत सुटा आता." रस्ताभर कौलांचा चुरा, वाकडेतिकडे पत्रे, मोडक्या खाटा, कुजलेलं गवत आणि कुणाची तरी मेलेली बकरी. वास असा, की नाक धरावं तर पिशव्या कोणी धरायच्या? एका डबक्यात माझी उजवी चप्पल गेली ती गेलीच. एका पायात वहाण घालून मित्राच्या दारात जाण्याची हौसही या वयात फिटली.

वाटेत एका भिंतीवर सरकारचा तातडीचा हुकूम चिकटवला होता. राज्य द्विभाषिक, म्हणून मराठीत आणि शेजारी गुजरातीत. मतलब असा: रोगराईची भीती आहे, तरी अधिकाऱ्यांनी कुणाच्याही आवारात शिरून पडलेलं, झुकलेलं, कुजलेलं सगळं काढावं आणि खाडीकाठी नेऊन टाकावं. मालकाची परवानगी लागणार नाही. आडवा येईल त्याला शिक्षा. मला हुकूम पटला. त्या बकरीने मालकाची वाट किती पाहायची?

दामू अंगणात बसला होता. त्याच्या डोक्यावर एक फणस अर्धी मुळं उपटून रस्त्यावर ओणवा झाला होता.

"आलास?" तो म्हणाला. "चप्पल कुठाय रे तुझी?"

एवढंच. पूर्वी हा माणूस झोपेतही बडबडायचा.

संध्याकाळी त्याने पेज (पातळ, मऊ भात) वाढली, बरोबर खारातली कैरी. माझ्या शाकाहाराची थट्टा करायची म्हणून भाजलेला सुका बांगडा माझ्या नाकासमोरून फिरवला, पण हसला नाही. जेवताना कळलं, की तो फणस सुमतीने गावाहून आणलेल्या आठळीपासून (फणसाच्या बीपासून) वाढवला होता आणि सकाळी तो तोडायला माणसं येणार होती.

"मी झाडाखालून उठणार नाय," दामू म्हणाला.

"अरे, खालून शाळेची पोरं जातात. आणि हुकूम आहे. तुला तुरुंगात घालतील."

"घालू देत. तिथे माणसं तरी असतील."

मी पेज संपवून दोघांची ताटं उचलली.

सकाळी लॉरी आली. एक तरुण अधिकारी, एक मुकादम आणि दोर-कुऱ्हाडी घेतलेले गडी. अधिकाऱ्याने हुकूम वाचून दाखवला. दामू खोडाला टेकून बसून राहिला. अधिकारी वाईट नव्हता, पण दमलेला होता. "उचला यांना," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. मुकादम पुढे आला. तोही मालवणकडचाच.

"सायबानू, तुमच्या हुकमाक मालकाची परवानगी लागणा नाय. आमका राखणदाराची लागता." राखणदार म्हणजे त्या जागेचा रक्षणकर्ता देव. मग तो दामूकडे वळला. "अण्णानू, घर तुमचा. तुमी गाऱ्हाणा घाला. त्याशिवाय आमी कुराड लावचंव नाय."

गाऱ्हाणं म्हणजे नारळ ठेवून देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. एकाने बोलायचं आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा, अशी कोकणची रीत. मुकादमाने पिशवीतून नारळ काढून दामूच्या हातात दिला. हुकमापुढे न उठलेला दामू नारळासाठी उठला. धोतर सावरून, नारळ मुळाशी ठेवून त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा, ह्या झाड सुमतीन आठळेपासून वाढयल्यान. आज ता वाटेर इला."

"व्हय म्हाराजा," गडी एका सुरात म्हणाले.

"जे तोडतत तेंच्यावर तुझो राग नको. तेंच्या पोराबाळांक सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा."

दामू थांबला. मला वाटलं संपलं.

"आनी माका ह्या घरात एकट्याक रवाक जमांदे."

कालपासून मी त्याच्यासमोर बसलो होतो, पण एकट्याने राहणं जमत नाही हे त्याने मला सांगितलं नव्हतं. मग मुकादमाने आवाज दिला आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." अधिकाऱ्याचेही ओठ हलले. मी "हो जी महाराज" म्हणालो, वऱ्हाडीत आणि सगळ्यांच्या मागून.

दामू बाजूला झाला. दुपारपर्यंत फणस लॉरीत गेला आणि अंगणात नको तितकं ऊन आलं. मी त्याला अमरावतीला चल म्हटलं. तो म्हणाला, "नको रे. आत्ताच तर देवाकडे इथे राहायचं मागितलं."

अमरावतीला पोचल्यावर शेजाऱ्यांनी मुंबईची हकीकत विचारली, ती मी रंगवून सांगितली. ते गेल्यावर ओसरीवर बसलो. इथेही मी गेली कित्येक वर्षं एकटाच आहे. दामूने मागितलं तेच मागावं असं वाटलं. मी हात जोडलेही. पण होय म्हणायला कुणीच नव्हतं, म्हणून न मागताच उठलो आणि दिवा लावला.