तक्त्यात न बसलेला चहा

गेल्या वर्षी ऑगस्टचा तिसरा शनिवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम एक लाख वीस हजार. हजर: मी, माझी मुलगी, कांदिवलीच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरबाई, आणि मुलीच्या फोनवर नांदेडहून माझी बायको.

आमच्या सोसायटीच्या मिटिंगांचं इतिवृत्त मी एकोणीस वर्षं लिहितो आहे. त्यामुळे काहीही आठवायला बसलो की आधी दिवस, रक्कम आणि हजेरी आठवते. कोण काय बोललं ते नंतर.

बायको बँकेत आहे. तिला बढती मिळाली ती बदलीसकट, तीन वर्षांसाठी नांदेडला. महिन्यातून एकदा येते. बाकीचे दिवस बोरिवलीच्या घरात मी आणि मुलगी. मुलगी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेली होती. तिचा डावा सुळा वर चढलेला आणि समोरचे दोन दात एकमेकांवर आलेले. शाळेत असताना तारा लावायचं निघालं होतं, आम्ही ‘पुढे बघू’ म्हटलं आणि ते राहून गेलं. ती हसताना तोंडावर हात धरायची. वर्गात उभं राहून बोलायची वेळ आली की तोंड जेमतेम उघडायची. तारा नकोत, ते काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनर हवेत, हे तिचं तिनंच ठरवलं होतं.

डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर तिचे दात सरकताना दाखवले. वरखाली मिळून एक जोडी, अशा अठ्ठावीस जोड्या. दर दोन आठवड्यांनी नवी.

“दिवसाचे बावीस तास तोंडात,” त्या म्हणाल्या. “जेवताना काढायचे. पाण्याशिवाय काहीही पिताना काढायचे. पुन्हा लावायच्या आधी दात घासायचे.”

“चहा?” बायकोनं फोनवरून विचारलं.

“चहा पण काढूनच. नाहीतर अलाइनरचे हे ट्रे पिवळे पडतात.”

“मग बापलेकीचं कठीण आहे,” बायको म्हणाली आणि हसली.

मी तेव्हा पन्नास हजारांचा चेक लिहीत होतो. उरलेले सत्तर हजार दर सहा आठवड्यांनी दहा-दहा असे सात वेळा द्यायचे होते. बायकोचं वाक्य मी ऐकलं, पण लक्ष चेकवर होतं.

चहाचं सांगतो. मी ऑफिसमधून साडेसहाला घरी येतो. ती त्याच सुमाराला कॉलेजातून यायची. पावणेसातला आम्ही स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्यानं चहा प्यायचो. तिला खारी बुडवून लागायची आणि बुडवलेली खारी निम्म्या वेळा कपात पडायची. मग ती चमच्यानं काढून खायची. मी सोसायटीतल्या टँकरच्या भानगडी सांगायचो, ती प्रयोगशाळेतल्या. कोणी काय सांडलं, कोणत्या सरांनी कोणाला बाहेर काढलं. त्या वीस-पंचवीस मिनिटांत ती तोंडावर हात न धरता हसायची. एका हातात कप, दुसऱ्यात खारी. हात मोकळाच नसायचा.

ट्रे लागले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी तक्ता केला. चोवीसातून बावीस गेले, उरले दोन तास, म्हणजे एकशे वीस मिनिटं. नाश्ता वीस. कॉलेजातला डबा पस्तीस. रात्रीचं जेवण पस्तीस. तिन्ही वेळा दात घासून ट्रे लावायला दहा-दहा, म्हणजे तीस. बेरीज एकशे वीस. मी ती दोनदा तपासली आणि कागद फ्रिजवर लावला.

तिनं वाचला. ट्रेमुळे त्या आठवड्यात तिच्या तोंडून ‘स’चा ‘थ’ होत होता.

“म्हणजे चहा बंद?”

“एवढे पैसे भरलेत, तर नीट करू या ना. वर्षाचा तर प्रश्न आहे.”

“बरं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “थगळं बरोबर आहे रे तुझं,” आणि स्वतःच हसली. तोंडावर हात धरून.

ट्रेला मी कवळी म्हणायचो. बेसिनपाशी डबी दिसली की हाक मारायचो, “अगं, तुझी कवळी राहिली.” ती चिडायची. “बाबा, मी एकवीस वर्षांची आहे. कवळी तुला लागेल, ती पण लवकरच.” असे दोन-चार टोमणे सोडले तर बोलणं कमी होत गेलं. ते मला लगेच कळलं नाही.

पहिले चार दिवस ती पावणेसातला ओट्यापाशी येऊन उभी राहिली. हातात पाण्याचा पेला. मी तिच्यासमोर चहा घ्यायचा आणि खारी खायची, हे मला बरं वाटेना. पाचव्या दिवशी मी म्हणालो, “अगं, उगाच कशाला उभी राहतेस? जा, अभ्यास कर.” मी ते तिच्या सोयीसाठी म्हटलं होतं. तिनं पेला विसळून पालथा घातला आणि खोलीत गेली. सहाव्या दिवशी ती आली नाही. त्यानंतरही नाही.

रात्री आम्ही एकत्रच जेवत होतो. पण ती फोनवर पस्तीस मिनिटांचा टायमर लावायची. तो लावायला मीच सांगितलं होतं. टायमर लावून जेवणारा माणूस घास मोजतो, बोलत नाही. वाजला की ती बेसिनकडे जायची. मी एकटा ताक प्यायचो. पहिल्यांदा वाटलं, परीक्षा जवळ आली असेल. मग परीक्षा झाली.

दात मात्र सुधारत होते. दर सहा आठवड्यांनी आम्ही कांदिवलीला जायचो, तीन नव्या जोड्या घ्यायचो, मी दहा हजार देऊन पावती घ्यायचो. सुळा खाली येऊ लागला. जानेवारीत माझ्या लक्षात आलं की ती फोनवर कोणाशी तरी बोलताना हसते आहे आणि हात तोंडावर नाही. दार अर्धवट लोटलेलं होतं. मी पाणी प्यायला उठलो होतो. ती कशाला हसत होती ते मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीत बायको चार दिवस आली. आम्ही तिघं मार्व्याहून फेरीनं मनोरीला गेलो. तिथे एका घरगुती खाणावळीत बोंबील, सोलकढी, पुन्हा बोंबील असं दीड तास चाललं. ट्रे डबीत, डबी पर्समध्ये. मी दोनदा घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा बघितलं तेव्हा बायको म्हणाली, “ते घड्याळ समुद्रात टाक, नाहीतर मी तुला टाकते.” मुलगी म्हणाली, “आई, त्याला टाकलंस तर बुडताना पण मिनिटं मोजेल.” तिघंही हसलो. परतीच्या फेरीत त्या दोघी पुढे बसल्या आणि सबंध वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मी मागे पिशव्या सांभाळत बसलो. वाटलं, मायलेकी आहेत, बोलू देत.

जूनचा पहिला शनिवार. एकवीस जोड्या संपल्या होत्या, शेवटचा हप्ता द्यायचा होता. मुलगी आत खुर्चीवर होती. बाहेर टेबलापाशी बसणाऱ्या बाईंनी पावती केली आणि एक जाडशी पिशवी माझ्यापुढे ठेवली. मी पाकिटं मोजली. सात निघाली, बावीस ते अठ्ठावीस.

“तीनच असतात ना दर वेळी? चार जास्त दिलीत.”

“एकदमच दिलीत, काका. ती बंगळुरूला चाललीय ना शिकायला? मग मध्ये कशी येणार? डॉक्टर म्हणाल्या, फोटो पाठव म्हणून.”

मी “हो हो” म्हणालो. पावती घडी करून खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. माझी मुलगी बंगळुरूला जाणार आहे, हे दाताच्या दवाखान्यात पावत्या करणाऱ्या बाईंना माहीत होतं. मला नव्हतं.

ती बाहेर आली. माझ्या हातातली पिशवी बघून तिला कळलं. जिन्यात मी विचारलं, “कधी ठरलं?”

“एम.एस्सी.ची यादी मंगळवारी लागली. प्रवेश परीक्षा मार्चमध्ये दिली होती.”

“आईला माहीत आहे?”

“फॉर्म भरला तेव्हापासून. ती सारखी म्हणत होती, बाबाला तूच सांग.”

“मग सांगितलं का नाहीस?”

ती एक पायरी खाली होती. वळली नाही. “कधी सांगू? तुझ्या तक्त्यात कुठे बसत होतं?”

खाली आलो. दवाखान्याच्या इमारतीला लागूनच एक चहाची टपरी आहे. वर्षभर आम्ही तिच्यावरून गेलो, कधी थांबलो नव्हतो. मी दोन कटिंग सांगितले.

“बाबा, ट्रे आहेत.”

“काढ.”

“आत्ताच नवे घातलेत. आणि आज नाश्त्यालाच अर्धा तास गेलाय.”

“काढ गं.”

तिनं तोंड वळवून ट्रे काढले, डबीत ठेवले. टपरीवर खारी नव्हती, बरणीत खुसखुशीत बटर होते. तिनं एक बुडवला. तो ग्लासात पडला. चमचा नव्हता, तिनं बोटानंच काढला.

“रागावलास?” तिनं विचारलं.

“नाही. मोजत होतो.”

“काय?”

“डब्यातली पंधरा आणि जेवणातली पंधरा काढली असती, तर दात घासण्यासकट वीस मिनिटांचा चहा बसत होता. बेरीज बरोबर होती माझी. वाटणी चुकली.”

तिनं बोट रुमालाला पुसलं. मग म्हणाली, “सांगायला घाबरत होते मी. आई तिकडे, मी पण गेले की तू एकटाच. तू नको म्हणाला असतास तर मी गेले नसते. म्हणून सांगतच नव्हते.”

“फी कधीपर्यंत भरायची आहे?”

“सोमवार.”

“आज घरी गेल्यावर भरू.”

मी आणखी दोन कटिंग सांगितले. मग तिनं सांगायला सुरुवात केली. परीक्षेचं केंद्र कुठे होतं, तिथे पंखा कसा बंद होता, मुलाखत फोनवर झाली तेव्हा ‘स’ नीट यावा म्हणून तिनं आदल्या आठवड्यात रोज आरशासमोर मोठ्यानं वाचन केलं, ते शेजारच्या काकूंना भांडण वाटलं. दहा महिन्यांचं साचलेलं होतं. ती हसत होती, आणि सगळे दात सरळ दिसत होते. त्यांच्यावर चढलेला सुळा मी शोधला. तो आता तिथे नव्हता.

जुलैच्या शेवटी ती गेली. दर दुसऱ्या शनिवारी नव्या ट्रेचा फोटो येतो. आता सत्ताविसावी जोडी चालू आहे. तक्ता फ्रिजवरच आहे, काढलेला नाही. पावणेसातला मी अजून दोघांचं आधण ठेवतो आणि दुधाचं पातेलं हातात घेतल्यावर लक्षात येतं. मग अर्धं पाणी ओतून टाकतो. बायको त्याच वेळी फोन करते, तिचं बँकेतलं काम तेव्हा आटोपलेलं असतं. “चहा घेतलास?” ती विचारते. मी “घेतोय” म्हणतो. खारी एकाच माणसाला आणली की पुडा मऊ पडतो, म्हणून आता आणत नाही.

हिशेब असा. दवाखान्याला एक लाख वीस हजार, एक चेक आणि सात पावत्या, सगळं दिलं, येणं-देणं नाही. चहावाल्याला चार कटिंग आणि एक बटर मिळून अठ्ठेचाळीस रुपये. मी पन्नासची नोट दिली. त्याच्याकडे सुट्टे नव्हते. “अगली बार ले लेना, साहब,” तो म्हणाला. मी बरं म्हणालो. दोन रुपये त्याच्याकडे आहेत.